पिकअपचा क्रॉस वारंवार का झिजतो?
कारण शोधण्याची व दुरुस्तीची रीत

शेतमाल बाजारात पोहोचविण्याचे काम आज बहुतांशी पिकअप गाडी करते. शेतातील कच्ची वाट, ओढ्यातील पाणी, घाटातील चढ आणि बाजारातील गर्दी ह्या सर्वांतून ती दिवसरात्र धावते. अशा गाडीच्या मालकांची एक तक्रार नेहमी ऐकू येते. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस झिजतो, नवा घातला जातो, आणि थोड्याच दिवसांत तो पुन्हा खडखडू लागतो. मग क्रॉस हलका निघाला असे म्हटले जाते, किंवा मिस्त्रीला दोष दिला जातो. तिसऱ्या वेळी महाग क्रॉस आणला जातो. परंतु तोही फार काळ टिकत नाही.

ह्यातील मुख्य गोष्ट अशी की, चांगला क्रॉस योग्य जागी बसविला व त्यास वेळेवर ग्रीस मिळाले तर तो दीर्घकाळ टिकतो. तो वारंवार झिजत असेल तर रोग बहुधा दुसरीकडे असतो, आणि क्रॉस केवळ त्याचे लक्षण दाखवीत असतो. पिकाचे पान पिवळे पडले म्हणून केवळ पान खुडून भागत नाही, मुळाशी काय झाले ते पाहावे लागते. तोच न्याय येथे लागू आहे.

ह्या दोषाकडे दुर्लक्ष केल्यास होणारी हानी केवळ क्रॉसच्या किमतीपुरती नसते. टोमॅटोचे क्रेट भरून कसारा घाट उतरणाऱ्या गाडीचा शाफ्ट वाटेत तुटला तर माल वेळेवर मुंबईस पोहोचत नाही, आणि नाशवंत मालाचा भाव वाट पाहत नाही. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, शाफ्टचे पुढचे टोक सुटून चालत्या गाडीखाली रस्त्यावर आदळले तर गाडीवरील ताबा जाऊन जीवितहानी होण्याचा संभव असतो. म्हणून ह्या भागाची रचना व त्याचे रोग प्रत्येक गाडीमालकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

क्रॉसची रचना

बहुतेक पिकअप गाड्यांत इंजिन पुढे असते व मागची चाके गाडी ढकलतात. गिअरबॉक्सपासून मागील धुऱ्यावरील डिफरन्शियलपर्यंत शक्ती नेणारी लांब पोलादी नळी म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. गिअरबॉक्स चौकटीला पक्का बांधलेला असतो, पण मागचा धुरा पाट्यांवर वरखाली होतो. त्यामुळे शाफ्ट सरळ व ताठ जोडून चालत नाही. त्याच्या दोन्ही टोकांस वाकू शकणारे सांधे असावे लागतात.

ह्या सांध्यात दुबेळक्याच्या आकाराचे दोन पोलादी भाग समोरासमोर येतात. त्यांस योक म्हणतात. दोन्ही योकांच्या मध्ये अधिक चिन्हाच्या आकाराचा तुकडा बसतो, तोच क्रॉस. क्रॉसला चार खुंट असतात. प्रत्येक खुंटावर एक वाटी बसते व वाटीच्या आत सुयांसारख्या बारीक पोलादी कांड्या गोलाकार रचलेल्या असतात. वाट्या योकाच्या कानांत दाबून बसविलेल्या असतात व त्या बाहेर येऊ नयेत म्हणून सर्क्लिप लावलेली असते.

हा सांधा जुना आहे. इटलीतील विद्वान कार्डानो (१५०१–१५७६) ह्याच्या नावावरून त्यास कार्डन सांधा म्हणतात. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक ह्याने १६७६ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून त्यास हूकचा सांधा असेही नाव आहे. मोटारीसाठी त्याची सुधारलेली घडण अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर ह्याने केली व १९०३ साली तिचे पेटंट मिळविले.

लांब गाड्यांत शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो. मध्ये रबरी गादीत बसविलेले एक बेअरिंग असते, त्यास सेंटर बेअरिंग म्हणतात. तसेच धुरा वरखाली होताना शाफ्टची लांबी कमीजास्त व्हावी म्हणून खाचांचा एक सरकता जोड ठेवलेला असतो.

कोनाचे महत्त्व

ह्या सांध्याचा एक स्वभाव लक्षात ठेवण्यासारखा आहे. सांधा वाकलेला असताना एका बाजूचा शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरत असला, तरी दुसऱ्या बाजूचा शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो व दोनदा मागे रेंगाळतो. कोन ३ अंशांचा असेल तर हा फरक हजारात दीडदेखील नसतो. १० अंशांस तो शेकडा दीड होतो आणि २० अंशांस शेकडा सहा. टॉप गिअरमध्ये शाफ्ट मिनिटाला २५०० फेरे करीत असेल, तर असे धक्के मिनिटाला ५००० वेळा बसतात.

ह्यावर उपाय म्हणून शाफ्टला दोन सांधे देतात. पुढच्या सांध्याने निर्माण केलेला चढउतार मागचा सांधा रद्द करतो. परंतु त्यासाठी दोन अटी आहेत. पहिली, दोन्ही सांध्यांचे कोन सारखे असावेत. त्यांत १ अंशाहून अधिक फरक नसावा. दुसरी, एकसंध शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एकाच पातळीत असावेत. ह्यांपैकी एक अट मोडली तरी धक्के रद्द न होता सुयांवर आदळत राहतात.

एक उदाहरण घेऊ. गिअरबॉक्सचा कणा मागे ४ अंश उतरता आहे, शाफ्ट ७ अंश उतरता आहे आणि डिफरन्शियलच्या पिनियनचा कणा पुन्हा ४ अंश उतरता आहे. तर पुढचा कोन ३ अंश व मागचाही ३ अंश. जोडणी योग्य आहे. आता पाटे दुरुस्त करताना धुऱ्यावरची पाचरीसारखी पट्टी उलटी बसली व पिनियनचा कणा १ अंशावर आला असे समजा. मागचा कोन ६ अंश होतो. पुढचा ३, मागचा ६. ही गाडी कितीही नवे क्रॉस खाईल.

जड वाहतुकीत व वेगाने धावणाऱ्या शाफ्टसाठी प्रत्येक सांध्याचा कोन साधारणपणे ३ अंशांपर्यंत असणे इष्ट मानतात. मात्र कोन अगदी शून्य असणेही चांगले नाही. सांधा वाकलेला असला तरच सुया खुंटावर थोड्या मागेपुढे फिरतात. तो पूर्ण सरळ असेल तर त्या एकाच जागी दाब देत राहतात व तेथे खाचा पडतात. म्हणून किमान अर्धा ते एक अंश कोन असावा लागतो.

रोगाची लक्षणे

पुढील खुणा आढळताच गाडी तपासून घ्यावी.

१. गाडी जागेवरून हलताना किंवा पुढच्या गिअरमधून मागच्या गिअरमध्ये घेताना खालून ‘खट्ट’ असा आवाज येतो.

२. सावकाश चालताना चाकाच्या वेगाबरोबर चिवचिव ऐकू येते. ही वंगण संपल्याची पहिली सूचना होय.

३. ठराविक वेगास गाडी थरथरते व वेग कमीजास्त केल्यास थरथर थांबते.

४. वाटीच्या कडेभोवती तांबूस गंजाची भुकटी साचलेली दिसते. आतील सुया कोरड्या पडून त्यांचा भुगा होत असल्याचे ते चिन्ह आहे.

गाडीखाली शिरण्यापूर्वी

माल उतरवून घ्यावा. गाडी सपाट व टणक जागी उभी करावी, इंजिन बंद करून किल्ली खिशात ठेवावी व चाकांना पुढून व मागून भक्कम पाचरी लावाव्यात. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये; चौकटीखाली लोखंडी घोडे किंवा पक्के लाकडी ठोकळे द्यावेत. शाफ्ट काढल्यावर गाडी गिअरमध्ये असली तरी ती जागेवर थांबत नाही, हे विशेष लक्षात ठेवावे. काही गाड्यांत हँडब्रेकही गिअरबॉक्सच्या मागेच असतो, आणि शाफ्ट काढताच त्याचाही उपयोग राहत नाही. अशा वेळी गाडीला थोपवून धरणाऱ्या त्या पाचरीच असतात.

तपासणीचा क्रम

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून सांध्याच्या दोन्ही बाजू दोन हातांनी धरून उलटसुलट पिळाव्यात. खुंट व वाटी ह्यांच्यामध्ये हालचाल दिसली तर क्रॉस झिजला आहे. नंतर शाफ्ट वरखाली हलवून सरकता जोड व सेंटर बेअरिंग पाहावे. रबर फाटले असल्यास शाफ्टचा मधला भाग खाली बसतो व सर्व कोन बिघडतात. त्यानंतर पिनियनचा फ्लँज हलवून पाहावा. तो वरखाली हलत असेल तर दोष डिफरन्शियलमध्ये आहे.

पुढे पाटे पाहावेत. तुटलेला पाटा, ढिले यू-बोल्ट, मधली तुटलेली खिळी, झिजलेले बुश ह्यांमुळे जोर लागताच धुरा आपल्या जागी पिळतो व पिनियनचे तोंड वर उचलते. उभ्या गाडीत कोन योग्य दिसतो, पण चढावर तो योग्य राहत नाही. गिअरबॉक्सखालचे रबरी माउंटिंग दबले असल्यास पुढचा कोन बदलतो. शाफ्टच्या नळीला दगड लागून पोचा पडला आहे काय, ती वाकली आहे काय व तोल साधण्यासाठी चिकटविलेली वजनाची पट्टी जागेवर आहे काय, हेही पाहावे.

कोन मोजण्यास महागडे यंत्र लागत नाही. शाळेतील मोठ्या कोनमापकाच्या मध्यबिंदूस दोरा व वजन बांधले की ओळंब्यासारखे काम होते. मोबाइल फोनमधील पातळी मोजण्याची सोयही चालते. गिअरबॉक्सचा फ्लँज, शाफ्टची नळी व पिनियनचा फ्लँज ह्या तीन ठिकाणी माप घ्यावे व वहीत लिहावे. माप रिकाम्या व नेहमीच्या भाराच्या, अशा दोन्ही स्थितींत घ्यावे. भरलेल्या गाडीचे माप घेताना ती जॅकवर उचलू नये. खड्ड्यावर किंवा रॅम्पवरच हे काम करावे.

जुन्या क्रॉसची साक्ष

काढलेला क्रॉस भंगारात टाकण्याची घाई करू नये. तो पुसून उजेडात पाहावा. आपण का झिजलो हे तो स्वतःच सांगतो.

खुंटावर सुयांच्या लांबीच्या समांतर खाचा उमटल्या असतील तर अतिभार, क्लचचे झटके किंवा अगदी सरळ कोन ही कारणे संभवतात. खुंटाच्या टोकावर खरचटून ओरखडे पडले असतील तर कोन फार मोठा आहे किंवा योकाचे कान वाकले आहेत. खुंट निळसर काळा पडला असेल तर तो वंगणाविना तापला आहे. तांबडा गंज व पातळ चिखल आढळल्यास सील फाटून पाणी आत गेले आहे. पृष्ठभागाची खपली निघाली असेल तर तो दीर्घ वापराने थकला आहे, किंवा धूळ आत शिरली आहे. चारपैकी एकच खुंट खराब असेल तर त्या एका वाटीस ग्रीस पोहोचत नव्हते असे समजावे. क्रॉस मधूनच तुटला असेल तर एकाएकी बसलेला मोठा धक्का, उदाहरणार्थ चिखलात रुतलेल्या गाडीचे चाक घसरत असता ते एकदम पकडणे, हे कारण असते.

वारंवार आढळणारी कारणे

अतिभार हे पहिले कारण. पहिल्या गिअरमध्ये इंजिनचा पीळ कित्येक पटींनी वाढून शाफ्टवर येतो. मर्यादेपेक्षा जास्त माल भरून चढावर क्लच एकदम सोडला तर हा सर्व झटका चार खुंटांवर पडतो.

जादा पाटा हे दुसरे कारण. अधिक भार नेता यावा म्हणून मालक जादा पाटे चढवितात. त्यामुळे रिकाम्या गाडीचा मागचा भाग उंच होतो. वरील उदाहरणातील शाफ्ट ७ ऐवजी ९ अंशांवर गेला तर दोन्ही कोन ५ अंश होतात. ते सारखे असल्याने थरथर जाणवत नाही, पण प्रत्येक सांधा अधिक वाकून फिरतो व लवकर झिजतो. रोग शांतपणे वाढतो तो असा.

चुकीची जोडणी हे तिसरे कारण. सरकता जोड वेगळा करून परत घालताना एक-दोन खाचा चुकल्या तर दोन्ही टोकांचे योक एका पातळीत राहत नाहीत. काम सुरू करताना खूण न केल्याचा हा परिणाम होय.

घणाचे घाव हे चौथे कारण. रस्त्याकडेला घण मारून वाट्या काढल्या व घातल्या की योकाचे कान वाकतात, भोके लंबगोल होतात व नळीस पोचा पडतो. अशा योकात कितीही उत्तम क्रॉस घातला तरी वाटी हलत राहते. वाटी ढिली वाटते म्हणून तिच्याभोवती पत्रा गुंडाळणे किंवा ती वेल्डिंगने चिकटविणे हा उपाय नव्हे, तो अपघात होय. असा योक बदललाच पाहिजे.

दुरुस्तीची रीत

शाफ्ट काढण्यापूर्वी फ्लँज व योक, तसेच सरकत्या जोडाचे दोन्ही भाग ह्यांवर रंगाने किंवा छिन्नीने जुळत्या खुणा कराव्यात. दोन तुकड्यांच्या शाफ्टवर कारखान्याने बाणाच्या खुणा दिलेल्या असतात, त्याच प्रमाण मानाव्यात. काही गाड्यांत योकांची मांडणी कारखान्याने मुद्दाम वेगळी ठेवलेली असते.

सर्क्लिप काढून योक शेगड्यात म्हणजे व्हाइसमध्ये धरावा. एका बाजूस वाटीपेक्षा लहान व दुसऱ्या बाजूस वाटीपेक्षा मोठ्या मापाचा सॉकेट ठेवून शेगडा आवळला की वाटी सावकाश बाहेर सरकते. नळी शेगड्यात आवळू नये. भोके व सर्क्लिपच्या खाचा स्वच्छ करून भोक गोल आहे काय ते मापून पाहावे.

नव्या क्रॉसच्या वाट्यांत सुया नीट उभ्या आहेत याची खात्री करावी व त्या ग्रीसने आपल्या जागी चिकटवाव्यात. एक सुई जरी आडवी पडली तरी वाटी पुरती आत जात नाही. अशा वेळी जोर न करता वाटी काढून पाहावे. ग्रीसगन पोहोचेल अशा बाजूस निपल ठेवावा. वाट्या बसल्यावर नवी सर्क्लिप खाचेत पूर्ण बसली पाहिजे. सांधा हाताने चारी बाजूंस फिरवून पाहावा. तो सर्वत्र सारखा व किंचित घट्ट फिरावा. एखाद्या जागी अडखळल्यास लाकडी किंवा तांब्याच्या हातोडीने योकाच्या कानावर हलकेच ठोकावे, म्हणजे वाटी सर्क्लिपला टेकून सांधा मोकळा होतो.

शाफ्ट परत जोडताना खुणा जुळवाव्यात, फ्लँजचे बोल्ट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच आवळावेत व नट नवे घ्यावेत. सुमारे शंभर किलोमीटर धावल्यावर फ्लँज व पाटे ह्यांचे बोल्ट पुन्हा तपासावेत. थरथर राहिल्यास शाफ्ट तोल साधणाऱ्या कारखान्यात पाठवावा. अंदाजाने वजन चिकटवू नये.

वंगणाची काळजी

निपल असलेल्या क्रॉसला गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले ग्रीस द्यावे. बहुधा ते लिथियम आधाराचे, अतिदाब सहन करणारे, २ क्रमांकाचे असते. निपल पुसून ग्रीस हळूहळू भरावे व चारही सीलांतून जुने ग्रीस बाहेर पडून नवे दिसेपर्यंत भरावे. तीन बाजूंनी आले व चौथीकडून आले नाही तर काम अपुरे समजावे; शाफ्ट वरखाली हलवीत पुन्हा भरावे. सरकत्या जोडाचा निपल विसरू नये. ज्या क्रॉसला निपलच नाही तो बंद जातीचा असतो. त्याची नियमित तपासणी करावी.

पुस्तिकेतील मुदत ही सामान्य रस्त्यासाठी असते. चिखल, धूळ व पाणी ह्यांतून रोज जाणाऱ्या गाडीस ती कमी करावी. गाडी ओढ्याच्या पाण्यातून गेली असेल किंवा तोटीच्या जोरदार पाण्याने धुतली असेल तर लगेच ग्रीस द्यावे, कारण असे पाणी सील ओलांडून आत शिरते.

ट्रॅक्टरवरही हाच सांधा

रोटाव्हेटर चालविणाऱ्या पी.टी.ओ. शाफ्टमध्येही हेच क्रॉस असतात. शाफ्टचे दोन भाग ओढून वेगळे केल्यावर ते परत घालताना योक एका पातळीत ठेवावेत. शेताच्या टोकाशी वळताना अवजार उंच उचलण्यापूर्वी पी.टी.ओ. बंद करावा, ५४० फेऱ्यांवर मोठ्या कोनात फिरणारा सांधा फार लवकर झिजतो. शाफ्टवरील संरक्षक आवरण कधीही काढून टाकू नये, कारण धोतर, ओढणी किंवा साडीचा पदर त्यात गुंतून प्राण गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील गाडीमालक व मिस्त्री ह्यांना एकत्र बसवून एका जुन्या क्रॉसच्या साहाय्याने ही माहिती द्यावी. कोनमापक व दोरा ह्यांनी एका गाडीचे माप सर्वांसमोर घेऊन दाखवावे. प्रत्येक मालकाने लहानशी वही ठेवून क्रॉस कोणत्या तारखेस व किती किलोमीटरवर बदलला, जुन्यावर कोणत्या खुणा होत्या व कोन किती निघाला, हे लिहून ठेवावे. पहिला क्रॉस झिजला तर तो बदलावा. दुसरा लवकर झिजला तर तिसरा विकत घेण्यापूर्वी वही उघडावी, जुने क्रॉस शेजारी ठेवावेत व कारण शोधावे. ते सापडून दूर झाले तर तिसरा क्रॉस टिकेल, आणि माल भरलेली गाडी वाटेत उभी राहणार नाही.